पोलीस खात्याने वापरलेली जुनी बुलेट विकत घ्यावी का?

कृष्णाकाठ :

नमस्कार. बिडाच्या इंजिनाची, म्हणजे ज्याला सगळे कास्ट आयर्न म्हणतात ती ३५० सीसी बुलेट मी बऱ्याच काळापासून शोधत आहे. उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक अशा जुन्या रचनेवरच मी गाडी शिकलो असल्यामुळे नव्या बनावटीची गाडी मला नको आहे. सध्या दोन प्रस्ताव समोर आले असून दोन्हींचा संबंध पोलीस खात्याशी आहे.

पहिली गाडी १९९८ सालची आहे. विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार ती एका जिल्हा पोलीस मुख्यालयात बंदोबस्तासाठी आणि मान्यवरांच्या ताफ्यापुढे चालवण्यासाठी होती. खात्याने लिलाव केल्यावर एका गॅरेजवाल्याने ती घेतली आणि त्याच्याकडून ती आताच्या मालकाकडे आली. मीटरवर फक्त अडतीस हजार किलोमीटर दिसतात. दुसरा प्रस्ताव एका एजंटाचा आहे. लवकरच मुख्यालयात लिलाव होणार असून तेथून अशीच बिडाच्या इंजिनाची बुलेट थेट माझ्या नावावर करून देतो, मात्र त्यासाठी आगाऊ रक्कम द्यावी लागेल, असे तो सांगतो. त्याने सांगितलेली किंमत पहिल्या गाडीच्या निम्मी आहे.

पोलिसांची गाडी म्हणजे वेळच्या वेळी निगा राखलेली गाडी, असे काही मित्र म्हणतात. काहींच्या मते ती पिळून काढलेली गाडी असते. यातले खरे काय, कागदपत्रांत काय पाहावे आणि गाडी प्रत्यक्ष पाहताना कशाकडे लक्ष द्यावे, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

कलमदान :

एजंटाला एक रुपयाही देऊ नका. त्याचा प्रस्ताव आजच्या नियमांत बसत नाही आणि त्याचे कारण साधे आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५२-अ हा नवा नियम घातला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून अमलात आला. केंद्र किंवा राज्य सरकार, महानगरपालिका, एस. टी. महामंडळासारखे उपक्रम आणि इतर सरकारी संस्था यांच्या मालकीच्या वाहनाची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षांनी संपते, तिचे नूतनीकरण होत नाही आणि असे वाहन नोंदणीकृत भंगार केंद्राकडेच द्यावे लागते, असा त्या नियमाचा आशय आहे. देशाचे संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी प्रत्यक्ष कारवाईत वापरल्या जाणाऱ्या चिलखती आणि तत्सम विशेष वाहनांना सूट आहे. परंतु साध्या मोटारसायकलीला चिलखती गाडीच्या रांगेत बसवता येईल, असे मला वाटत नाही.

आता हिशेब करा. बिडाच्या इंजिनाच्या बुलेटचे उत्पादन २०१० च्या सुमारास थांबले. म्हणजे खात्याच्या ताब्यात अजून तशी एखादी बुलेट असलीच, तर तिने पंधरा वर्षांची मर्यादा गाठलेली आहे आणि ती रस्त्यावर चालवण्यासाठी कोणाच्याही नावावर होऊ शकत नाही. एजंट दाखवेल ती गाडी एकतर भंगारात जाणारी असेल किंवा तिचे कागद दुसऱ्याच गाडीचे असतील. लिलावातून थेट, चालवण्यासाठी मिळू शकणारी पोलिसांची मोटारसायकल म्हणजे पंधरा वर्षांच्या आत निर्लेखित झालेली, म्हणजे खात्याने वापरातून काढून टाकलेली, नव्या इंजिनाची बुलेट किंवा बीट मार्शलांकडे असतात तशी पल्सर, अपाचे वगैरे; आणि ती तर आपल्याला नको आहे.

पहिली गाडी मात्र वेगळ्या वर्गात मोडते. ती नियम बदलण्यापूर्वीच खासगी मालकीत गेली असेल, तर हा नियम तिला लागू होत नाही. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळते. म्हणून सर्वांत आधी हे पाहा की लिलावानंतर गाडी खरोखर पहिल्या खासगी मालकाच्या नावावर चढली होती का. लिलावात घेतलेल्या वाहनाचे हस्तांतर नेहमीच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या नमुन्यांवर होत नाही. त्यासाठी नमुना ३२ असतो आणि ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. त्यासोबत विक्री कायम केल्याचे, लिलाव घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचे प्रमाणपत्र आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या सरकारी आदेशाची साक्षांकित प्रत जोडावी लागते. अनेक गॅरेजवाले लिलावाची पावती घेतात, गाडी स्वतःच्या नावावर करतच नाहीत आणि पावतीवरच पुढच्या माणसाला विकतात. तुमच्या विक्रेत्याच्या नावावर आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, असेल तर ही साखळी पूर्ण आहे. तसे नसेल तर गाडी कितीही देखणी असली तरी ती सोडून द्या.

जुनी वही :

कलमदान यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. वर्तमानपत्रात किंवा पोलीस ठाण्याच्या फलकावर वाहन-लिलावाची जी जाहीर सूचना दिसते, ती बहुतेक वेळा पोलिसांच्या स्वतःच्या वाहनांची नसते. ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे पडून असलेली बेवारस आणि गुन्ह्यांतील मुद्देमालाची वाहने त्या लिलावात असतात. त्यांतली पुष्कळशी चोरीची, अपघातातील किंवा मूळ मालकाने सोडून दिलेली असून ती सहसा भंगार म्हणून एकगठ्ठा विकली जातात आणि बोली लावणारे भंगार व्यापारी असतात. खात्याची निर्लेखित वाहने हा वेगळा प्रकार आहे. ती मोटार परिवहन विभागाकडून निघतात आणि अलीकडे अशा सरकारी वाहनांचे लिलाव एमएसटीसीसारख्या केंद्र सरकारच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून होतात. दोन्ही सूचनांत ‘जसे आहे जेथे आहे’ हे शब्द असतात आणि दोन्हींना लोक ‘पोलिसांचा लिलाव’ असेच म्हणतात, त्यामुळे एजंटांचे फावते.

सूचनेत गाडी पुढील वापरासाठी विकली जात आहे की केवळ भंगार म्हणून, हे लिहिलेले असते. बोली लावण्याआधी ती एक ओळ शोधावी. अनामत रक्कम, बोलीवरचा कर आणि गाडी उचलून नेण्याची मुदत या गोष्टी त्यानंतर पाहाव्यात.

परेडग्राउंड :

मी पोलीस खात्याच्या मोटार परिवहन विभागात नोकरी केली आहे आणि आता निवृत्त आहे. कृष्णाकाठ यांच्या मित्रांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

निगा राखली जाते, हे खरे. प्रत्येक वाहनाला लॉगबुक असते, त्यात रोजचे किलोमीटर, पेट्रोल आणि काम नोंदवले जाते, ठरलेल्या अंतरावर ऑइल बदलले जाते आणि वरिष्ठांच्या तपासणीच्या वेळी गाडी चकाचक असावी लागते. खासगी माणूस ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणून जे काम ढकलतो, ते मुख्यालयात ढकलता येत नाही. पण गाडीचा मालक कोणीच नसतो. आज एक शिपाई चालवतो, उद्या दुसरा. एकाचा क्लच धरण्याचा हात हलका, दुसऱ्याचा जड. आपल्या गाडीचा बारीकसा आवाज मालकाला लगेच खटकतो; तिथे तो आवाज कोणाचाच नसतो आणि गाडी बंद पडेपर्यंत तशीच चालत राहते.

मीटरवरच्या अडतीस हजारांवर जाऊ नका. एक कारण असे की जुन्या बुलेटच्या मीटरची केबल तुटणे नित्याचे होते आणि केबल तुटलेल्या काळातले किलोमीटर लॉगबुकात अंदाजाने लिहिले जात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पालखी सोहळा, गणेश विसर्जन, निवडणुकीची सभा किंवा मंत्र्यांचा दौरा अशा वेळी गाडी तासन् तास चालू स्थितीत उभी असते किंवा माणसाच्या चालीने पुढे सरकते. विसर्जन मिरवणुकीत रात्रभर पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून चालवलेली बुलेट मीटरवर जेमतेम पाच-सात किलोमीटर दाखवते, परंतु तिच्या इंजिनाने रात्रभर काम केलेले असते, आणि तेही अंगावर वारा न लागता. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला यापेक्षा वाईट शिक्षा नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या लोकांना माहीत नसते. मुख्यालयाच्या वर्कशॉपमध्ये एकाच बनावटीच्या अनेक गाड्या असतात आणि सुटे भाग मंजूर होऊन येण्यास वेळ लागतो. मग एका बंद गाडीचे भाग दुसऱ्या चालू गाडीला बसवले जातात. टाकी, चाक, फोर्क यांची अदलाबदल झाली तर काही बिघडत नाही. कधी कधी अख्खे इंजिन बदलले जाते आणि त्याची नोंद वर्कशॉपच्या कागदात राहते, आरटीओपर्यंत पोहोचत नाही. म्हणून चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही स्वतः वाचावेत. त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावा आणि तो आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहावा. विक्रेत्याने मोबाइलवर पाठवलेला फोटो पुरेसा समजू नये.

टॅपेट :

परेडग्राउंड काकांचा प्रतिसाद वाचून बरे वाटले. मी बुलेटचे काम करणाऱ्या घरातला आहे, त्यामुळे यंत्राच्या बाजूने लिहितो.

गाडी पाहायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन थंड असू द्या. गाडी आधीच तापवून ठेवलेली असेल तर तो काहीतरी लपवत आहे असे समजा. बराच काळ उभी राहिलेल्या या इंजिनात ऑइलच्या टाकीतले ऑइल हळूहळू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरते आणि चालू करताना सुरुवातीला निळसर धूर येतो. तो थोड्या वेळात विरला तर चिंता नाही. इंजिन गरम झाल्यावरही ॲक्सिलरेटर देताच धूर येत राहिला, तर पिस्टन-रिंग किंवा बोअरचे, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो त्या सिलिंडरच्या पोकळीचे, काम निघाले असे धरून चाला. बोअर याआधी किती वेळा केला आहे हे विचारावे, कारण सत्तर मिलिमीटरच्या मूळ बोअरला मोठा करत नेण्यालाही मर्यादा असते आणि शेवटच्या मापाच्या पुढे नवी स्लीव्ह (सिलिंडरच्या आतली नळी) टाकण्यावाचून पर्याय उरत नाही.

इंजिन मंद चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत पाहा. परत येणाऱ्या ऑइलची धार तुटक तुटक उसळताना दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर पंप किंवा त्याला फिरवणारा वर्म खराब असू शकतो. अशा गाडीचे इंजिन पुन्हा पुन्हा चालू करू देऊ नका. त्यानंतर इंजिनाच्या तळाकडून येणारा आवाज ऐका. टॅपेटची टिकटिक या इंजिनाला असतेच आणि तिचे समायोजन दहा मिनिटांचे काम आहे. भार दिल्यावर खालून येणारा जड, घुमा ठोका मात्र बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडील टोकाच्या बेअरिंगचा, असतो आणि त्यासाठी क्रँक उघडावा लागतो. बंदोबस्ताच्या गाडीत मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. मंद गतीवर पंपाचा वेग कमी असतो, ऑइल तापून पातळ झालेले असते आणि त्याच वेळी बिग एंडला त्याची सर्वाधिक गरज असते.

क्लचबद्दल काकांनी सांगितलेच आहे. डाव्या कव्हरच्या आतली प्रायमरी चेन आणि क्लचच्या प्लेटा एकदम बदलाव्या लागतील असे गृहीत धरूनच किंमत बोला. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात असताना एकदम ॲक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी त्या प्रमाणात पुढे गेली नाही, तर क्लच घसरतो आहे.

विजेची बाजू लोक विसरतात. या गाड्यांवर दिवा, सायरन आणि वायरलेस संच बसवलेले असत. गाडी उभी असताना मंद गतीवर अल्टरनेटर इतका भार पेलू शकत नाही आणि बॅटरी सतत उपाशी राहते. संच काढून टाकताना वायरी कापल्या जातात, जोडांवर चिकटपट्टी गुंडाळली जाते आणि पुढे कित्येक वर्षे त्यातून विजेची गळती चालू राहते. हेडलाइटच्या डोक्यावर असलेल्या अँमीटरकडे पाहा. दिवा लावून ॲक्सिलरेटर थोडे वाढवल्यावर काटा मध्यावर किंवा चार्जच्या बाजूला आला पाहिजे. हेडलाइटचा डबा उघडून वायरिंग पाहण्याची परवानगी मागा. आत रंगीबेरंगी गुंता दिसला तर संपूर्ण वायरिंग नवीन टाकण्याचा खर्च वजा करा. शेवटी मडगार्ड आणि क्रॅशगार्डवर पूर्वी बसवलेल्या सामानाची भोके असतात, ती कशी बुजवली आहेत तेही पाहून घ्या, कारण लांबीवर (पुट्टीवर) मारलेल्या रंगाखाली गंज चालूच राहतो.

माझे प्रामाणिक मत असे की खासगी मालकाची, तेवढ्याच वयाची बुलेट आणि पोलिसांची बुलेट एकाच किमतीला मिळत असतील, तर खासगी मालकाचीच घ्यावी. पोलिसांच्या गाडीला स्वस्ताई हेच एकमेव कारण असू शकते.

परेडग्राउंड :

टॅपेट, इथे मी थोडा असहमत आहे. खासगी मालकाची वीस-पंचवीस वर्षांची बुलेट कोणी कशी वापरली याचा काहीच पुरावा नसतो. तिच्यात सायलेन्सर बदललेला, हँडल बदललेले, चासी कापून मागचा भाग लहान केलेला, असे प्रकार सर्रास आढळतात. मुख्यालयाच्या गाडीत असली हौस कोणी केलेली नसते. दिवा-सायरनचे सामान सोडले तर ती कंपनीतून आली तशीच असते. इंजिन पुन्हा बांधता येते, कापलेली चासी पुन्हा मूळची करता येत नाही. बिग एंडबद्दलची तुमची भीती मात्र योग्य आहे.

सॅनहोझेकर :

मी कॅलिफोर्नियात राहतो आणि येथे पोलिसांनी वापरलेली मोटारसायकल घेणे ही बरीच रुळलेली गोष्ट आहे, म्हणून इकडचा अनुभव थोडक्यात लिहितो. काही वर्षांपूर्वी मी एका लहान शहराच्या पोलीस विभागाची बीएमडब्ल्यू आर १२०० आरटी-पी सरकारी लिलावातून घेतली. त्यातला शेवटचा ‘पी’ पोलिसांसाठीचा. अशा गाडीला एकट्याचेच आसन असते, दिवे आणि वायरलेससाठी वेगळी बॅटरी असते आणि विकण्यापूर्वी विभाग हे सामान काढून घेतो. त्याआधीच्या पिढीत इकडे कावासाकी केझेड १००० पी ही गाडी फार प्रसिद्ध होती. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील लिंकन येथील कारखान्यात ती १९८२ पासून २००५ पर्यंत जवळजवळ न बदलता तयार होत राहिली. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात आणि जुन्या गाड्यांना चाहते आहेत.

परेडग्राउंड काकांनी मांडलेल्या तासांच्या मुद्द्याला इथे आकडाच ठरलेला आहे. फोर्ड कंपनीने आपल्या पोलीस मोटारींसाठी असे सांगून ठेवले होते की इंजिन एक तास उभ्याने चालू राहणे म्हणजे सुमारे ३३ मैल, म्हणजे ५३ किलोमीटर चालण्याएवढी झीज धरावी. हा हिशेब पाण्याने थंड होणाऱ्या मोटारींचा आहे. हवेवर थंड होणाऱ्या बुलेटला तो तंतोतंत लागू करता येणार नाही आणि केलाच तर तो सौम्य ठरेल. तरीही त्या मापाने रोज दोन तास उभी चालू असलेली गाडी मीटरवर न दिसणारे शंभरावर किलोमीटर रोज जमा करते. इथले खरेदीदार म्हणूनच मैलांआधी इंजिनाचे तास विचारतात आणि विभागाच्या देखभालीच्या नोंदी मागतात. त्या बहुतेक वेळा मिळतातही.

एक फरक मात्र आवर्जून सांगतो. इथे पोलिसांसारखी काळी-पांढरी रंगसंगती ठेवून गाडी रस्त्यावर काढणे कॅलिफोर्नियाच्या कायद्याने मना आहे. मी गाडी घेतल्यावर पहिला खर्च रंगावर केला. भारतात याबाबत काय नियम आहेत?

कलमदान :

सॅनहोझेकर, आपल्याकडे यासाठी एकच असा सरळ नियम नाही, पण तुकड्यातुकड्यांनी सर्व गोष्टी झाकल्या गेल्या आहेत. लाल, निळा आणि पांढरा असा बहुरंगी दिवा आपत्कालीन आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कामावरील ठरावीक वाहनांनाच लावता येतो. मे २०१७ पासून तर मंत्र्यांचेही लाल दिवे उतरले. वेगवेगळ्या सुरांचा हॉर्न किंवा सायरन केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ व्या नियमानुसार रुग्णवाहिका, अग्निशमन आणि पोलीस यांच्यासारख्या वाहनांपुरताच आहे. लोकसेवक असल्याचा समज व्हावा या हेतूने त्याचा पोशाख किंवा चिन्ह वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ खाली गुन्हा आहे. त्यामुळे जुन्या मालकाने ‘आठवण’ म्हणून ठेवलेली पाटी, सायरनचे बटण किंवा मडगार्डवरचा ‘पोलीस’ हा शब्द, हे सगळे व्यवहारापूर्वीच काढून घ्यावे. रंग बदलला असेल किंवा बदलायचा असेल तर त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. जुन्या पोलीस गाड्यांत प्रत्यक्ष रंग एक आणि कागदावर दुसरा, असे पुष्कळदा आढळते.

विम्याचाही एक मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मधील सक्तीच्या विम्यातून सरकारी मालकीच्या, व्यापारी कामासाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनांना सूट आहे. म्हणून लिलावातून निघालेल्या गाडीला मागचा विमा असेलच असे नाही आणि मैदानातून घरापर्यंतसुद्धा ती विम्याशिवाय चालवता येत नाही. टेम्पोत टाकून न्यावी. कृष्णाकाठ यांची गाडी आता खासगी आहे, तेव्हा तिचा चालू विमा पाहावा. तो खंडित झालेला असला तर विमा कंपनी आधी तपासणी मागू शकते. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीला १,३६६ रुपये आणि त्यावरच्या दुचाकीला २,८०४ रुपये आहे. ३४६ सीसीची बुलेट पहिल्या गटात बसते, ५०० सीसीची बसत नाही.

नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ३०० वरून १,००० रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या दुचाकींसाठी २०२५ मध्ये आणखी वाढवून २,००० करण्यात आले. त्याशिवाय हरित कर येतो. गाडी एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागेल. ती बसवली आहे का हे विचारावे.

कृष्णाकाठ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एजंटाला नकार कळवला. नियम ५२-अ चा उल्लेख करताच त्याने विषय बदलला आणि पुन्हा संपर्क केला नाही.

पहिली गाडी एका ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर नेऊन पाहिली. आरसी विक्रेत्याच्या नावावर आहे. पहिले हस्तांतर २०११ मध्ये लिलावातूनच झाल्याची नोंद ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत दिसते आणि नूतनीकरण २०२८ पर्यंतचे आहे. विमाही चालू आहे. थंड इंजिन दुसऱ्या किकला सुरू झाले, धूर विरला, ऑइलची धार व्यवस्थित दिसली आणि खालून ठोका ऐकू आला नाही. क्लच मात्र घसरतो आणि हेडलाइटच्या डब्यात टॅपेट यांनी वर्णन केला होता तसाच गुंता आहे. त्या दोन खर्चांपोटी विक्रेता किंमत कमी करण्यास तयार झाला.

अडचण वेगळीच निघाली. चासी नंबर आरसीशी जुळतो, पण इंजिन नंबर जुळत नाही. विक्रेत्याचे म्हणणे असे की ‘हे असेच आले होते, आरटीओत कोणी पाहत नाही.’ गाडी मनात भरली आहे, तरी येथे काय करावे हे समजत नाही.

कलमदान :

आरटीओत पाहतात, पुढच्या नूतनीकरणाला निरीक्षक दोन्ही नंबर वाचेल, आणि अपघात किंवा चोरीच्या प्रसंगी विमा कंपनी तर नक्कीच वाचेल. त्या वेळी मालक म्हणून तुमचे नाव असेल. इंजिन बदलणे हा स्वतः गुन्हा नाही, मात्र त्याची नोंद नोंदणी प्राधिकाऱ्याकडे झालीच पाहिजे आणि ते इंजिन कोठून आले याचा कागद दाखवावा लागतो. ही जबाबदारी आजच्या मालकाची आहे. त्याने आपल्या नावावर असतानाच नोंद दुरुस्त करून घ्यावी आणि नवी आरसी हातात आल्यावरच नमुना २९ आणि ३० वर सह्या कराव्यात. तोपर्यंत रक्कम देऊ नका. फार तर विसार द्या आणि तोही लेखी करारावर, नोंद न झाल्यास परत मिळेल अशा अटीसह. इंजिन नंबर चोरीच्या वाहनांच्या यादीत नाही ना, हेही त्याच्याकडून पोलीस ठाण्यात तपासून घ्यावे.

टॅपेट :

नंबर ज्या जागी ठोकला आहे ती जागा नीट पाहा. मूळ कास्टिंगचा खडबडीत पोत शाबूत असेल आणि अक्षरे एकसारख्या खोलीची, एका रेषेत असतील, तर अख्खे इंजिनच दुसऱ्या गाडीचे असण्याचा संभव अधिक. जागा घासून गुळगुळीत केलेली दिसली किंवा एखादा आकडा वाकडा बसलेला असला, तर पुढे बोलणीच करू नका. क्रँककेस फुटल्यामुळे कोरी क्रँककेस बसवली असेल तर तिच्यावर नंबरच नसतो आणि मग कोणीतरी तो नंतर ठोकलेला असतो. तुमच्या गाडीत यातले काय दिसते?

कृष्णाकाठ :

मेकॅनिकच्या मते जागा घासलेली नाही आणि अक्षरे कारखान्यातलीच दिसतात. नंबरची मालिकाही त्याच सुमारास तयार झालेल्या इंजिनांची असावी, असे तो म्हणाला. विक्रेता आधी नोंद करून घेण्यास कुरकुरत का होईना, तयार आहे, पण इंजिनाचा कागद आणायचा कोठून, असे विचारतो.

परेडग्राउंड :

तसे असेल तर वर्कशॉपमध्येच इंजिनांची अदलाबदल झालेली असणार आणि त्याचा माग काढता येईल. २०११ च्या लिलावाच्या यादीत प्रत्येक वाहनापुढे चासी आणि इंजिन नंबर लिहिलेले असतात. लिलावापूर्वी यादी करणारा माणूस गाडीवरचे नंबर वाचूनच ते लिहितो, त्यामुळे तिथे आजचाच इंजिन नंबर सापडण्याची शक्यता चांगली आहे. पहिल्या हस्तांतराच्या वेळी नमुना ३२ सोबत विक्रीचे प्रमाणपत्र जोडलेले असणार. त्याची प्रत मिळावी म्हणून विक्रेत्याने आधी आरटीओत अर्ज करावा. तिथे जुनी फाइल मिळाली नाही, तर संबंधित पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराखाली, दहा रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावून अर्ज द्यावा. अर्जात ‘निर्लेखित वाहनांची यादी आणि विक्री आदेश’ असे नेमके शब्द वापरावेत, वाहनाचा नोंदणी क्रमांक व लिलावाचे वर्ष लिहावे आणि मोटार परिवहन विभागाचे अभिलेख असा उल्लेख करावा. नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, तेव्हा विसाराच्या करारात किमान दोन महिन्यांचा अवधी ठेवा.